बंद झालेली .२२ सेमी-ऑटो रायफल पुण्यात शोधायची आणि सांभाळायची असेल तर

बालेवाडीच्या शूटिंग रेंजला कधी रायफल घेऊन गेलो की कुणीतरी हमखास विचारतं, अहो ही बेल्जियमची ब्राउनिंग ना, आता कुठे मिळते? मी म्हणतो मिळते, पण तुमच्या लायसन्सवर नक्की काय लिहिलंय ते आधी सांगा. मग समोरचा जरा गप्प होतो, कारण बहुतेकांनी रायफल शोधायला सुरुवात केलेली असते आणि कागद "नंतर बघू" म्हणून ठेवलेला असतो. इथे ते उलटं करावं लागतं. म्हणून हे सगळं एकदाच लिहून टाकतोय, जरा लांबेल, चहा घेऊन बसा.

आधी हे समजून घ्या की आपल्याकडे नवीन सेमी-ऑटो (एका दाबाला एक गोळी, पुढची आपोआप भरली जाते) .२२ रायफल दुकानात जाऊन घेता येईल असा प्रकारच नाही. सामान्य लायसन्सवाल्यांसाठी बाहेरून बंदुका आणणं ऐंशीच्या दशकाच्या मध्यातच बंद झालं. ईशापूरच्या कारखान्याची .२२ स्पोर्टिंग रायफल आहे पण ती बोल्ट ॲक्शन, म्हणजे प्रत्येक गोळीला हाताने बोल्ट ओढायचा. त्यांचीच .३१५ पण तशीच. त्यामुळे पुण्यात जी काही सेमी-ऑटो पॉइंट टू टू दिसेल ती कुणाच्या तरी वडिलांनी किंवा आजोबांनी घेतलेली, चाळीस-पन्नास वर्षं कपाटात काढलेली. शोध बंदुकीचा नसतो, अशा घरांचा असतो.

आता कागद. आर्म्स ॲक्ट १९५९ चा आणि रूल्स २०१६ चे. रूल्सच्या पहिल्या परिशिष्टात बंदुकांचे वर्ग दिलेत आणि तिथेच सगळी गोम आहे. पिस्तुलं वगैरे सोडून बाकीची सेमी-ऑटोमॅटिक हत्यारं पहिल्या वर्गात टाकलीत, आणि कमी वेगाची .२२ रिमफायर (पिन गोळीच्या काठावर बसते ती) रायफल मात्र तिसऱ्या वर्गात आहे. म्हणजे तीच एक रायफल एका टेबलावर ".२२ आहे हो" म्हणून तिसऱ्या वर्गात वाचली जाऊ शकते आणि दुसऱ्या टेबलावर "सेमी-ऑटो आहे" म्हणून पहिल्या. पहिल्या वर्गाचं लायसन्स पुण्यात मिळत नाही, ते दिल्लीला गृहमंत्रालयाकडे. म्हणून लायसन्सवर नुसतं "एनपीबी रायफल" (नॉन-प्रोहिबिटेड बोअर, म्हणजे बंदी नसलेल्या मापाची) लिहिलंय एवढ्यावर ॲडव्हान्स देऊ नका. मेक, मॉडेल, बोअर (नळीचं माप), ॲक्शन (गोळी भरायची पद्धत) आणि नंबर लिहून अर्ज द्या, हे हत्यार माझ्या लायसन्सवर चढेल का हे लेखी विचारा, उत्तर लेखी घ्या आणि मगच पुढचा फोन करा. तोंडी "हो चालतंय की" ला काडीची किंमत नाही, बदली झाली की ते वाक्यही बदलीवर जातं.

आणि एक शब्द जपा. माझ्या स्वतःच्या केसमध्ये पाच महिने या एका शब्दाने खाल्ले. जुन्या कंपन्या सेमी-ऑटोलाच सरळ "ऑटोमॅटिक" म्हणायच्या, कॅटलॉगात तसंच, काहींच्या नळीवरही तसंच कोरलेलं. बाबांच्या जुन्या लायसन्सवर कुणीतरी साहेबांनी अगदी इमानदारीत ".२२ ऑटोमॅटिक रायफल" असं लिहून ठेवलेलं. लायसन्स माझ्या नावावर करायला गेलो तर टेबलापलीकडचे गृहस्थ ते वाचून खुर्चीत सरळच झाले, ऑटोमॅटिक म्हणजे प्रोहिबिटेड, तुम्ही आणलंय काय हे! कायद्यातली व्याख्या काय तर चाप दाबून धरला की सोडेपर्यंत किंवा मॅगझिन रिकामं होईपर्यंत गोळ्या सुटतच राहतात ते हत्यार. आमच्या रायफलीत एका दाबाला एकच गोळी, पुढच्यासाठी चाप सोडून परत दाबायचा. शेवटी परवानाधारक गनस्मिथचं तपासणीपत्र, त्यात हेच वाक्य, मग नोंद दुरुस्त. तुमच्या घरच्या जुन्या लायसन्सवर असा शब्द असेल तर तो आजच दुरुस्तीला टाका, विकायची वेळ येईपर्यंत थांबू नका.

मोठ्या बोअरचं विचारणारे पण असतात, रेमिंग्टनची ७४२ वूड्समास्टर वगैरे, १९६० ते १९८० मध्ये बनलेली. दिसते देखणी, पण जी रायफल ७.६२ ची सर्व्हिस गोळी खाते ती सरळ पहिल्या वर्गात, त्यात दोन मतं नाहीत. तो नाद सोडा. शिवाय शिकार वन्यजीव कायद्याने बंद, मग एवढी मोठी रायफल घेऊन कागदाला भोकं पाडणार का?

अर्ज कुठे करायचा यात पण लोक चुकतात. पुणे शहर असेल तर पुणे पोलीस आयुक्तालय, चिंचवड-निगडी-वाकड वगैरे असेल तर पिंपरी-चिंचवडचं आयुक्तालय (ते २०१८ च्या १५ ऑगस्टला वेगळं झालं, त्याआधीची लायसन्सं पुणे शहराची आहेत हे लक्षात ठेवा), आणि ग्रामीण भाग असेल तर कलेक्टर ऑफिस. अर्ज ए-१ फॉर्म, ट्रेनिंगचं सर्टिफिकेट एस-१, सुरक्षित ठेवण्याचं हमीपत्र एस-२, डॉक्टरांचं एस-३. मग पोलीस चौकशी. लायसन्सला यूआयएन (प्रत्येक लायसन्सवाल्याचा स्वतंत्र ओळख क्रमांक) पाहिजेच, तो नसेल तर विकणाऱ्याचं लायसन्स कितीही जुनं आणि खानदानी असू दे, तुम्ही हात लावू नका. "खेळासाठी पाहिजे" हे कारण लिहिणार असाल तर जरा जपून, कारण ५० मीटर रायफलच्या आंतरराष्ट्रीय स्पर्धांमध्ये एकेक गोळी हाताने भरायची रायफल लागते, तिथे सेमी-ऑटो चालतच नाही. तपासणाऱ्याला हे माहीत असलं तर तुमचा अर्ज तिथेच आडवा.

सगळ्यात सोपा रस्ता, आणि तो बऱ्याच लोकांना माहीतच नसतो, म्हणजे घरातलीच रायफल. रूल्सचा नियम २५ असा आहे की लायसन्सवाल्याचं वय ७० झालं किंवा हत्यार त्याच्याकडे २५ वर्षं झालं, यातलं जे आधी होईल तेव्हा तो हयात असतानाच वारसाला हत्यार देता येतं, वारसाला लायसन्स मिळण्यासाठी अर्ज करायचा. वारण्याची वाट बघायची गरज नाही. आमच्याकडे बाबांनी १९७४ ला कॅन्टोन्मेंटमधल्या एका रिटायर होणाऱ्या फौजी साहेबांकडून ब्राउनिंग घेतलेली, बाबा ७८ चे झाले तेव्हा आम्ही अर्ज केला. ताईची एनओसी लागली, ती लगेच देते म्हणाली आणि मग तीन आठवडे "तुला रायफल, मग मला काय?" हे ऐकवलं. बाकी वारसांची ना हरकत आधीच स्टॅम्प पेपरवर करून ठेवा, रक्षाबंधनाच्या आसपास केलं तर बरं पडतं.

घरात नसेल तर मग शोध. २०१९ च्या दुरुस्तीने एका माणसाकडे तीनाऐवजी दोनच हत्यारं ठेवता येतील असं झालं आणि लायसन्सची मुदत तीनाची पाच वर्षं झाली. ज्यांच्याकडे बारा बोअर, रिव्हॉल्व्हर आणि एक .२२ असं तिन्ही होतं त्यांना एक सोडावं लागलं, आणि शेतावर बारा बोअर लागते, रिव्हॉल्व्हर प्रतिष्ठेचं, मग सुटलं कोण तर बिचारी पॉइंट टू टू. अशा रायफली गन हाऊसमध्ये जमा पडल्यात. काउंटरवर मांडलेल्या नसतात, आतल्या खोलीत कापडी कव्हरमध्ये, पुठ्ठ्याचं लेबल बांधून. म्हणून दुकानात जाऊन "सेमी-ऑटो आहे का" विचारलं की "नाही" हेच उत्तर येतं. दोन-तीनदा जा, आपलं लायसन्स दाखवा, "जमा मालात जुनी .२२ असेल तर वही बघून सांगा ना काका" असं विचारा. वही निघाली की अर्धं काम झालं. पुण्यापुरतं राहू नका, सातारा, कोल्हापूर, सोलापूर इकडच्या गन हाऊसना पण जाऊन या, जुनी शिकारीची घराणी तिकडे. फोनवर फोटो मागून काही होत नाही, माणसं फोटो पाठवत नाहीत आणि न पाठवण्यातच शहाणपणा आहे.

ऑनलाइन ग्रुपवर "कागदाशिवाय आहे, स्वस्तात" असा मेसेज आला तर ब्लॉक करा, विषय संपला. आणि नंबर घासलेली रायफल कुणी कितीही शपथा घेऊन दाखवली तरी उठून निघा. कलम ८ प्रमाणे ज्याच्या हातात ती सापडते त्यानेच नंबर खोडला असं धरलं जातं, उलट सिद्ध करायचं काम तुमचं.

आता मॉडेल. इथे माझी एक फजिती सांगतो. बारामतीकडे एका ओळखीच्यांच्या ओळखीत "विंचेस्टर ६३ आहे" असं कळलं. ६३ म्हणजे १९३३ ते १९५८ मध्ये बनलेली, पुढे फोरएंडच्या (नळीखालचं लाकूड) टोकाला एक दांडा असतो तो आत ढकलला की कॉक होते, गोळ्या कुंद्यात भरायच्या. माझ्या एका मित्रासाठी बघायला गेलो, वाड्यात ओसरीवर सतरंजी टाकून रायफल ठेवलेली, दांडा तोच, आकार तोच, लाकूड तर असं की हात फिरवतच राहावा. मित्राने खिशातून पाकीट काढलंसुद्धा. मी नळीवरची काळी मळी अंगठ्याने पुसली तर "लाँग रायफल" (आजच्या साध्या .२२ गोळीचं नाव) हा शब्दच कुठे नाही, "ऑटोमॅटिक" आहे. ती ६३ नव्हतीच, तिची थोरली बहीण १९०३ निघाली. ती .२२ लाँग रायफल खातच नाही, तिची स्वतःची .२२ विंचेस्टर ऑटोमॅटिक नावाची वेगळी गोळी, केस (गोळीचं पितळी कवच) जाड, आणि ती गोळी कधीच बंद पडलीय. म्हणजे भिंतीवर लावायची रायफल, तीही लायसन्सची एक जागा अडवून. त्यात साधी .२२ भरून बघू असं कुणी म्हणालं तर हात जोडा, केस ढिली बसते, फाटते आणि गॅस मागे तोंडावर येतो. चहा पिऊन परत आलो. तेव्हापासून मी खिशात भिंग आणि फडकं ठेवतो, नळीवरचं वाचल्याशिवाय पैशाची भाषा नाही.

ब्राउनिंगची .२२ हे माझं लाडकं प्रकरण त्यामुळे पक्षपात होणारच. जॉन ब्राउनिंगचं डिझाइन, बेल्जियममध्ये हेर्स्तालला एफएन कंपनीने १९१४ पासून बनवली, सत्तरच्या दशकात काम जपानला मिरोकू कंपनीकडे गेलं, म्हणून बेल्जियमची ती "जुनी". फोरएंडच्या पोटातली छोटी कडी पुढे सरकवायची, बोल्ट जरासा मागे, नळी पाव फेरा फिरवली की रायफलीचे दोन तुकडे. रिकामी केस खालून पडते, त्यामुळे डावखुऱ्यांना पण बरी, पण पूर्ण बाह्यांचा शर्ट घालून गेलात तर एखादी गरम केस बाहीत शिरते आणि माणूस रेंजवर भांगडा करतो. घेताना नळी आणि बॉडीच्या सांध्यात हलते का बघा. थोडी हलत असेल तर घाबरू नका, नळीवर एक ॲडजस्टिंग रिंग असते, ती घरघर वाजत एकेक खाच घट्ट होते, सगळ्या खाचा संपूनही हलत असेल तर मात्र राहू द्या.

रेमिंग्टनची नायलॉन ६६ दिसली तर प्लॅस्टिकची म्हणून नाक मुरडू नका. १९५९ ला आली, ऐंशीच्या दशकाच्या शेवटी बंद झाली, दहा लाखांवर बनल्या. तेव्हा रेमिंग्टन ड्युपाँटच्या मालकीची, त्यांचंच झायटेल नायलॉन. १९५९ लाच कंपनीच्या टॉम फ्राय नावाच्या माणसाने हवेत फेकलेल्या १,००,०१० लाकडी ठोकळ्यांपैकी फक्त सहा चुकवले होते. पुण्याच्या पावसात हिचा दस्ता फुगत नाही, आत तेल पण जवळपास लागत नाही. एकच सांगणं, हौसेने पूर्ण उघडू नका, आतले पार्ट एकमेकांच्या आधाराने बसलेत, उघडल्यावर ते परत बसवायला अर्धा दिवस आणि शिव्यांचा चांगला साठा लागतो.

तपासताना क्रम असा ठेवा: आधी रिकामी आहे का ते स्वतः बघा, दुसऱ्याने सांगितलं म्हणून नाही, कुंद्यातली नळी बाहेर काढून, बोल्ट मागे ओढून, करंगळी घालून. मग चेंबरच्या (नळीत गोळी बसते ती जागा) कडेवर टॉर्च मारा. रिमफायर असल्यामुळे पिन गोळीच्या काठावर बसते, आणि घरातली पोरं वर्षानुवर्षं रिकाम्या रायफलीचा चाप दाबत खेळली असतील तर पिनने चेंबरच्या कडेलाच खाच पाडलेली असते, मग केस अडकते, निघत नाही. हा या रायफलींचा सगळ्यात कॉमन रोग आहे आणि विकणारा त्याबद्दल कधीच बोलत नाही कारण त्यालाही माहीत नसतं. मग नळीतून उजेड बघा, गंजाचे खड्डे बहुतेक चेंबरच्या पुढच्या दोन-तीन इंचात असतात. मॅगझिनची नळी कुठे चेपलीय का ते बोट फिरवून बघा. आणि शक्य असेल तर डीलरमार्फत रेंजवर चालवून बघा, पहिल्यांदा दोनच गोळ्या भरून. एका दाबाला दोन्ही सुटल्या तर ती रायफल तिथेच खाली ठेवा, डीलरला सांगा आणि घेऊ नका. आतली सिअर (चाप दाबेपर्यंत अडवून धरणारी कडी) झिजलीय, धोका आहेच, शिवाय मघाशी सांगितलेल्या व्याख्येजवळ ती जाऊन बसते.

व्यवहार खाजगी असेल तर विकणाऱ्याने जिल्हा दंडाधिकाऱ्यांना किंवा जवळच्या पोलीस ठाण्याला घेणाऱ्याचं नाव-पत्ता देऊन लेखी कळवायचं आणि त्यानंतर ४५ दिवस थांबायचं. त्या काळात रायफल विकणाऱ्याकडेच. "घेऊन जा हो, कागद मागून करू" म्हणणारा माणूस चांगलाच असतो, पण अडकता तुम्ही. मला विचाराल तर थोडे पैसे जास्त गेले तरी डीलरमार्फत करा, नोंदी त्यांच्या वहीत होतात.

पार्टचं दुखणं मोठं आहे. कंपनी बनवत नाही, आणि परदेशातल्या साइटवर पिन, एक्स्ट्रॅक्टर, स्प्रिंग दिसतात, कार्टमध्ये टाकायचा मोह होतो. टाकू नका, बंदुकीचे भागही कायद्याने हत्यारच, कस्टममध्ये पार्सल अडकलं तर नुसतं पार्सल नाही, लायसन्स पण अडकतं. दुसरा मोह भोसरीचा. तिथले लेथवाले काय वाटेल ते बनवतील, नमुना दिला की संध्याकाळी पार्ट हातात, पण बंदुकीचा भाग विनापरवाना बनवणं हा गुन्हा आणि त्यात तो गरीब कारागीरही जातो. परवाना असलेल्या गनस्मिथकडेच जा, वेळ लागेल, त्यांच्याकडे मोडीत काढलेल्या रायफलींचे पार्ट कधीकधी निघतात. आणि स्क्रू स्वतः उघडणार असाल तर खाचेत बरोब्बर बसणारा स्क्रूड्रायव्हर घ्या. घरातल्या टीव्ही दुरुस्तीच्या पान्याने खाल्लेले स्क्रू बघितले की मला पोटात कालवतं.

गोळी .२२ लाँग रायफल, पण सगळ्या सारख्या नाहीत. या रायफलीत बोल्टला कुलूप नसतं, त्याचं वजन आणि स्प्रिंग एवढंच, गोळीच्या धक्क्यानेच तो मागे जातो. गोळी मऊ असेल तर बोल्ट अर्धाच जातो आणि केस दारात उभी अडकते. मग माणूस म्हणतो रायफल बिघडली. आधी गोळी बदलून बघा, दुसऱ्या बॅचची वीस-पंचवीस घ्या, कुठली चालते ते वहीत लिहा आणि कोट्यात तीच घ्या. किती घेता येतील ते लायसन्सवर लिहिलेलं असतं, त्याच्या बाहेर एक पण नाही, आणि रिकाम्या केस टाकून देऊ नका, हिशेब विचारतात.

साफसफाईला ब्राउनिंग सोपी कारण नळी सुटी होते, मागून पुल-थ्रू (फडकं बांधलेली दोरी) ओढता येतो. ६३ किंवा नायलॉनला मागून रस्ता नाही, पुढूनच, मग दोरीचाच पुल-थ्रू वापरा, लोखंडी रॉड घासला की नळीचं तोंड खराब आणि नेम गेला. तेल कमी. जास्त तेलात .२२ चा मेण आणि काजळी मिसळून काळं लोणी होतं. जून ते सप्टेंबर चामड्याच्या किंवा कॅनव्हासच्या कव्हरमध्ये ठेवू नका, कव्हर ओल धरतं, गणपतीपर्यंत रायफलीवर तपकिरी ठिपके. लोखंडी कपाट, भिंतीला बोल्ट केलेलं, सिलिका जेलच्या पुड्या, पंधरा दिवसांनी एकदा हलक्या तेलाचं फडकं. गोळ्या वेगळ्या कपाटात, वेगळी किल्ली. घरात लहान मूल असेल तर ब्राउनिंगचे दोन तुकडे दोन कुलपांत.

रेंजला नेताना रिकामी, बॅगेत कुलपात, मूळ लायसन्स बरोबर, आणि वाटेत मिसळ खायला थांबायचं नाही. सेमी-ऑटो चालेल का हे रेंजला आधी विचारून घ्या, काही ठिकाणी एका वेळी एकच गोळी भरू देतात.

राहिलं निवडणुकीचं. आचारसंहिता लागली की नोटीस येते, हत्यार जमा करा. काही वर्षांपूर्वी मी भाबडेपणाने रायफल छान कव्हरमध्ये घालून एका ठिकाणी जमा केली, परत मिळाली तेव्हा कव्हरला बुरशी, बॉडीवर गंजाचा हात उमटल्यासारखा पट्टा आणि मॅगझिनची आतली नळीच गायब. पावतीवर फक्त ".२२ रायफल १ नग" लिहिलेलं, भांडणार कशावर? आता जमा करताना सगळीकडून तेलाचा जाड हात देतो, कव्हर घरी ठेवतो आणि कापडात गुंडाळतो, मॅगझिनच्या नळीसकट फोटो काढतो, आणि पावतीवर "मॅगझिन ट्यूबसह, गंज नाही" असं लिहून घेतल्याशिवाय टेबलापासून हलत नाही. लिहिणाऱ्याच्या कपाळाला आठ्या पडतात, पडू देत. परत घेताना पण तिथेच उघडून, नंबर जुळवून, मगच सही.